गाणं कुणाच्या मालकीचं?

घरातल्या मतभेदांचे विषय दर पिढीला बदलतात, पण मतभेदाची चाल तीच राहते. आमच्या तरुणपणी राहुलदेव बर्मन यांचं गाणं लागलं की वडील मंडळी उठून रेडिओचा आवाज बारीक करत. पुढे आमच्या मुलांनी पाश्चात्त्य बँड आणले, तेव्हा आवाज बारीक करण्याची पाळी आमची आली. आता नातवंडांच्या कानात कोरियन गाणी वाजतात आणि दोन पिढ्यांचं एकमत होण्याचा दुर्मीळ योग जुळून येतो : आजी, आजोबा, आई आणि बाबा एका सुरात म्हणतात, ‘‘हे काय गाणं आहे?’’

या प्रश्नामागे साधारणपणे तीन आक्षेप असतात. एक, भाषा कळत नाही. दोन, ती सगळी मुलं-मुली सारखीच दिसतात. तीन, हे संगीत नव्हेच, कारखान्यातून निघालेला माल आहे. पहिल्या दोन आक्षेपांत फारसा दम नाही. भाषा न कळता आपण आयुष्यभर कर्नाटक संगीत ऐकत आलो आणि त्यागराजांच्या तेलुगू कृतींना मान डोलावत आलो. चेहरे चार दिवसांत ओळखू येऊ लागतात. आमच्या नातीने मला बीटीएसचे सात जण एका आठवड्यात पाठ करायला लावले. तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याचं उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येत नाही.

बँकेत उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते. समोर कुणी कितीही झकपक कपड्यांत आला, तरी तो आधी मागच्या काही वर्षांचे खातेउतारे मागतो. कोरियन गाण्याच्या बाबतीत मी तेच केलं. नातीला आजचं गाणं आवडतं म्हणून मी कालचं मागितलं, मग परवाचं. जे हाती आलं त्याने मी थक्क झालो. हे खातं गेल्या दहा-पंधरा वर्षांत उघडलेलं नाही. त्यात नव्वद वर्षांच्या नोंदी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा अश्रूंच्या आहेत.

मोकपोचे अश्रू

कोरियाच्या नैर्ऋत्य टोकाला मोकपो नावाचं बंदर आहे. १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि या बंदरातून तिथलं तांदूळ आणि कापूस जपानला जात असे. १९३५ साली याच गावच्या ली नान-योंग या तरुण गायिकेने ‘मोकपोचे अश्रू’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. वरवर ते विरहगीत आहे : बंदर, धूसर होत जाणारं नावाड्याचं गाणं, वाट पाहणारी स्त्री. पण दुसऱ्या कडव्यात तीनशे वर्षांच्या सलाचा उल्लेख येतो, आणि कोरियन माणसाला तो बरोबर कळला. १५९२ साली जपानने केलेली स्वारी आणि तिच्याविरुद्धची झुंज कुणी विसरलेलं नव्हतं. परक्या राज्यकर्त्याच्या देखत त्याच्याविषयीची तक्रार प्रेमगीताच्या पदराआड लपवून गायची, ही युक्ती पारतंत्र्यातल्या प्रत्येक समाजाला ठाऊक असते. आपल्याकडे खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ने तेच केलं होतं आणि इंग्रज सरकारने त्या नाटकावर बंदी घातली होती.

या जातीच्या गाण्यांना पुढे ‘ट्रॉट’ हे नाव पडलं, ते ‘फॉक्सट्रॉट’ या पाश्चात्त्य नाचावरून. लय दोनच्या ठेक्याची, म्हणजे कोरियन लोकगीतांच्या तीनच्या डौलदार झुलण्यापेक्षा वेगळी. स्वर मात्र पाचच. आपल्या शिवरंजनीतला धैवत कोमल करून पाहा, जुन्या ट्रॉट गाण्यांतली कितीतरी त्या पाच स्वरांत बसतात. शेवटच्या अक्षरावर आवाजाला एक मुरड घालायची, जणू हुंदका गिळला, ही गायकीची खूण. संगीत नाटकांवर वाढलेल्या कानाला ही मुरड परकी वाटत नाही.

ली नान-योंगची पुढची कहाणी कादंबरीत घातली तर संपादक ‘अतिरंजित’ असा शेरा मारील. १९५० साली कोरियन युद्ध पेटलं. तिचे पती, संगीतकार किम हे-सोंग, यांना उत्तरेच्या सैन्याने नेलं, ते परतले नाहीत. पदरी मुलं, देश उद्ध्वस्त. तिने दोन मुली आणि एक भाची यांना इंग्रजी गाणी शिकवली. मुलींना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी ती नुसत्या उच्चारांवरून घोकली आणि अमेरिकन सैनिकांच्या छावण्यांत म्हटली. बिदागी म्हणून दारूच्या बाटल्या मिळत, त्या विकून घरात धान्य येई. याच तिघी ‘किम सिस्टर्स’ या नावाने १९५९ साली लास व्हेगासला गेल्या आणि एड सलिव्हन यांच्या अमेरिकाभर पाहिल्या जाणाऱ्या दूरदर्शन कार्यक्रमात वीसहून अधिक वेळा झळकल्या. ‘कोरियन मुली अमेरिका गाजवताहेत’ ही बातमी आज आपल्याला नवी वाटते. तिला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि तिच्या मुळाशी होतं ते घरातलं रिकामं पातेलं.

सरकारची कात्री

परके गेले, तरी गाण्यामागचा ससेमिरा सुटला नाही. १९६१ साली सत्ता हाती घेतलेल्या लष्करशहा पार्क चुंग-ही यांच्या राजवटीला गाण्यांची भारी धास्ती. १९६४ साली ली मी-जा या गायिकेचं ‘कॅमेलियाच्या फुलाची मुलगी’ हे गाणं घराघरांत पोचलं होतं. पुढच्याच वर्षी त्यावर बंदी आली. कारण काय, तर गाण्याला ‘जपानी रंग’ आहे. मौज अशी की त्याच वर्षी पार्क सरकारने जपानशी करार करून संबंध सुरळीत केले होते. तिजोरीला जपानी पैसा चालत होता, जपानी वळणाचा स्वर तेवढा चालत नव्हता.

अमेरिकन छावण्यांत गिटार वाजवून वर आलेला शिन जुंग-ह्यॉन हा कोरियन रॉक संगीताचा जनक मानला जातो. १९७२ साली त्याला पार्क यांची स्तुती करणारं गाणं रचायला सांगण्यात आलं. त्याने नकार दिला आणि आपल्या भूमीच्या नद्या-डोंगरांचं सौंदर्य गाणारं एक दीर्घ गीत रचलं. देशावर प्रेम करीन, सत्ताधाऱ्यावर करणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ. १९७५ साली त्याला गांजाच्या प्रकरणात अटक झाली आणि पुढे कितीतरी वर्षं त्याला व्यासपीठ मिळालं नाही.

सर्वांत विलक्षण कथा ‘सकाळचं दव’ या गाण्याची. किम मिन-गी या चित्रकला शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ते रचलं आणि १९७१ साली यांग ही-उन या मुलीच्या स्वच्छ, निर्भर आवाजात ते लोकांसमोर आलं. रात्र जागून काढलेला माणूस पहाटेचं दव पाहतो आणि पुढच्या खडतर वाटेला लागतो, एवढाच त्याचा आशय. त्यात घोषणा नाही, कुणाचं नाव नाही. १९७३ साली सरकारनेच त्याला चांगलं गाणं म्हणून गौरवलं. दोन वर्षांनी त्याच सरकारने त्यावर बंदी घातली, कारण दरम्यान विद्यार्थी ते मोर्च्यांत गाऊ लागले होते. गाण्यातलं एक अक्षर बदललं नव्हतं. फक्त गाणारे बदलले होते.

१९७५च्या त्या वर्षात कोरियात दोनशेहून अधिक गाण्यांवर बंदी आली. ते वर्ष आपल्यालाही चांगलं आठवतं. आपल्या आणीबाणीत, १९७६ साली, किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली होती. आणि बंदी घालायला हुकूमशहाच लागतो असंही नाही. १९५२ साली आपले नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी, आपल्या पुण्याच्या या विद्वान गृहस्थांनी, लोकांची अभिरुची सुधारावी या सद्हेतूने आकाशवाणीवरची चित्रपटगीतं जवळजवळ बंद केली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला.

कोरियातल्या लोकांनीही आपापला काटा फिरवला. बंदी असलेलं ‘सकाळचं दव’ बारा वर्षं तोंडी चालत राहिलं. १९८७ साली लोकशाहीसाठी लाखो माणसं रस्त्यावर उतरली तेव्हा त्यांच्या ओठांवर हेच गाणं होतं. त्याच वर्षी त्याच्यावरची बंदी उठली, ‘कॅमेलिया’वरचीही उठली. किम मिन-गी यांनी पुढे सोलमध्ये एक छोटं नाट्यगृह तीसहून अधिक वर्षं चालवलं आणि जुलै २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

सर्वांत कमी गुण

आजच्या कोरियन गाण्याची जन्मतारीख द्यायचीच झाली तर बहुतेक जाणकार १९९२ हे वर्ष सांगतात. सो तेजी हा शाळा अर्धवट सोडलेला तरुण दोन साथीदारांना घेऊन दूरदर्शनच्या एका नवोदितांच्या कार्यक्रमात आला. रॅपची बोली, नाच, विजेच्या गिटारचा खणखणाट आणि मध्येच सुरेल ओळ, असा तो प्रकार होता. परीक्षकांनी त्याला त्या दिवसातले सर्वांत कमी गुण दिले. काही आठवड्यांतच ते गाणं देशात पहिल्या क्रमांकावर होतं आणि तिथून हलायला तयार नव्हतं.

या सो तेजीने पुढे काय केलं हे आपण पालकांनी ऐकण्यासारखं आहे. १९९४ साली त्याने मुलांना एका साच्यात कोंबणाऱ्या शाळांवर आणि गुणांच्या शर्यतीवर घणाघाती गाणं रचलं. १९९५ साली घर सोडून गेलेल्या मुलांना परत बोलावणारं गाणं केलं. ते ऐकून काही मुलं खरोखर घरी परतल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. त्याच वर्षी एका गाण्याच्या शब्दांवर परीनिरीक्षण समितीने हरकत घेतली, तेव्हा त्याने शब्द बदलले नाहीत. सगळे शब्दच काढून टाकले आणि नुसतं वाद्यसंगीत छापलं. ते मौन इतकं गाजलं की १९९६ साली गाण्यांची पूर्वतपासणी करण्याची पद्धतच रद्द झाली. या लढ्यात जोंग ते-चुन या लोकगायकाचाही मोठा वाटा होता. तपासणीला न देताच आपल्या ध्वनिफिती काढून तो न्यायालयापर्यंत भांडला होता.

कारखाना आणि करार

आता त्या तिसऱ्या आक्षेपाकडे येऊ. सरकारची कात्री गेली, त्याच वर्षी, १९९६ मध्ये, ‘एच.ओ.टी.’ हा पाच मुलांचा गट बाजारात आला. एका कंपनीने मुलं निवडायची, वर्षानुवर्षं त्यांना गाणं, नाच आणि भाषा शिकवायच्या, मग त्यांचा गट बांधून लोकांसमोर आणायचा, ही पद्धत तिथून रुळली. १९९७ अखेर कोरियावर आर्थिक संकट कोसळलं आणि नाणेनिधीपुढे हात पसरण्याची वेळ आली. त्या वेळी कोरियन कुटुंबांनी लग्नातल्या अंगठ्यांसकट दोनशे टनांहून अधिक सोनं देशासाठी जमा केलं. त्यानंतर सरकारला उमगलं की गाणी आणि चित्रपट हाही निर्यातीचा माल होऊ शकतो; १९९९ साली त्यासाठी खास कायदा झाला. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी लोकसंख्येचा देश. घरचं गिऱ्हाईक पुरत नाही म्हटल्यावर परदेशी जाणं भागच होतं.

तेव्हा कारखाना आहे, हे मान्य. त्याची किंमतही लिहून ठेवली पाहिजे. उमेदवार मुलावर कंपनी जो खर्च करते तो पुढे त्याच्या कमाईतून वळता होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हे कर्जच, आणि तारण म्हणून ठेवलेली वस्तू म्हणजे पंधरा वर्षांच्या पोराचं तारुण्य. २००९ साली एका अत्यंत लोकप्रिय गटातले तिघे जण तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात गेले. त्याच वर्षी तिथल्या व्यापार आयोगाने नमुना करार जाहीर केला आणि मुदत सात वर्षांवर आणली. २०१७ आणि २०१९ या वर्षांत तीन तरुण, नावाजलेले कलावंत अकाली गेले, आणि साऱ्या देशाला विचारावं लागलं की आपण या मुलांकडून नेमकं काय काय मागतो. झगमगाट पाहताना हे विसरून चालणार नाही. आपल्या घरातल्या चाहत्या मुलांशीही याविषयी बोलायला हवं. त्यांना बहुधा आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

पण कारखान्यातून निघालेली प्रत्येक गोष्ट निर्जीव असते का? आपली उत्तमोत्तम चित्रपटगीतं तरी कुठे अरण्यात बसून लिहिली गेली? निर्मात्याचा तगादा, प्रसंगाची चौकट, तीन मिनिटांची मर्यादा आणि ध्वनिमुद्रणाची ठरलेली तारीख यांतूनच ती निघाली. चौकट कुणाची आहे यापेक्षा चौकटीत काय भरलं हे पाहायचं.

बीटीएसचं २०१७ सालचं ‘वसंताचा दिवस’ हे गाणं घ्या. दुरावलेल्या मित्राची आठवण, सरता न सरणारा हिवाळा, आणि भेटीला येतोच आहे असं आश्वासन. २०१४ साली ‘सेवोल’ ही बोट बुडून ३०४ माणसं गेली होती. त्यांत २५० मुलं एकाच शाळेची, सहलीला निघालेली. या गाण्याच्या चित्रफितीतल्या खुणा पाहून कोरियन श्रोत्यांनी ते त्या मुलांसाठीचं गाणं मानलं. गायकांनी तसा डांगोरा पिटला नाही. १९३५च्या मोकपोसारखंच हेही वरून विरहगीत आणि आत एका अख्ख्या देशाचं दुःख. मध्ये ब्याऐंशी वर्षं गेली, वाद्यं बदलली, कपडे बदलले. सांगण्याची रीत तीच राहिली.

जुन्या-नव्याचा हा धागा तिथली तरुण मंडळी स्वतःही जपतात. आययू या गायिकेने २०१४ साली आधीच्या पिढीची गाणी निवडून स्वतःच्या आवाजात गायली, तेव्हा शाळकरी मुलांना आई-वडिलांची गाणी कळली. २०१३ साली चो योंग-पिल हे ज्येष्ठ गायक वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी नव्या दमाचं गाणं घेऊन आले आणि तरुणांना मागे टाकून पहिल्या क्रमांकावर गेले. आमच्या वयाच्या लोकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोझे या गायिकेचं ‘अपार्टमेंट’वरचं खेळकर गाणं जगभर वाजलं, आणि कोरियात लोकांनी युन सू-इल यांचं १९८२ सालचं ‘अपार्टमेंट’ पुन्हा बाहेर काढलं. नव्यातला फ्लॅट मैफलीतल्या खेळाचा आहे. जुन्यातल्या फ्लॅटच्या दारात प्रियकर उभा आहे आणि आत कुणीच नाही. चाळीतून फ्लॅटमध्ये गेलेल्या मुंबईकराला या दोन्ही गाण्यांमधलं अंतर समजावून सांगावं लागणार नाही.

चौकातलं गाणं

३ डिसेंबर २०२४च्या रात्री दक्षिण कोरियाचे अध्यक्ष युन सुक-योल यांनी अचानक लष्करी कायदा पुकारला. काही तासांत संसदेने तो मोडून काढला. त्यानंतरच्या कडाक्याच्या थंडीत संसदेसमोर लाखो लोक जमू लागले. त्यांत तरुण मुली फार मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांच्या हातांत मेणबत्त्यांऐवजी आपापल्या आवडत्या गटांच्या मैफलीत हलवायच्या दिव्यांच्या कांड्या होत्या. मेणबत्ती वाऱ्याने विझते, ही कांडी विझत नाही.

त्यांनी काय गायलं? ‘गर्ल्स जनरेशन’ या नऊ मुलींच्या गटाचं २००७ सालचं पहिलंवहिलं गाणं, ‘नव्या जगाकडे’. अगदी कारखान्यातला माल. कंपनीने बेतलेला गट, कंपनीने करवून घेतलेलं गाणं. पण २०१६ साली एका महिला विद्यापीठातल्या मुलींनी पोलिसांच्या फळीसमोर हातात हात गुंफून ते म्हटलं होतं, तेव्हापासून त्याचा अर्थ बदलला. २०२४च्या हिवाळ्यात प्रौढ आंदोलकांनी मुलींची ही गाणी शिकून घेतली आणि मुलींनी त्यांच्याकडून जुनी. १४ डिसेंबरला संसदेने अध्यक्षांवर महाभियोग संमत केला आणि ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केलं. हे गाण्यांनी केलं असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. संसदेने केलं, न्यायालयाने केलं, थंडीत उभ्या राहिलेल्या माणसांनी केलं. पण त्या माणसांना उभं राहायला एकमेकांचा आवाज लागत होता, आणि तो त्यांना गाण्याने दिला.

सीमेच्या पलीकडे काय आहे तेही पाहा. १ एप्रिल २०१८ रोजी प्योंगयांगमध्ये दक्षिणेच्या कलावंतांचा कार्यक्रम झाला. व्यासपीठावर चो योंग-पिल होते आणि ‘रेड व्हेल्वेट’ हा तरुण मुलींचा गटही होता, आणि समोर खुद्द किम जोंग-उन टाळ्या वाजवत बसले होते. २०२० साली त्याच राजवटीने दक्षिणेची गाणी-नाटकं ऐकण्या-पाहण्याबद्दल जबर शिक्षा देणारा कायदा केला. स्वतः ऐकून झालं, इतरांनी ऐकू नये. गाणं फालतू असतं तर एवढी भीती कुणी बाळगली असती?

तेव्हा आमच्या पिढीला माझी विनंती एवढीच आहे. आवडलंच पाहिजे असा आग्रह नाही. मलाही यातलं बरंचसं आवडत नाही, आणि काही काही तर दोन मिनिटांवर सोसवत नाही. पण या रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर, घरातल्या मुलाला किंवा मुलीला जवळ बोलवा आणि तिच्या आवडीचं एकच गाणं शब्दांच्या अर्थासह समजावून द्यायला सांगा. ती आधी संशयाने पाहील, मग बोलू लागेल. तिचं बोलून झालं की तुम्ही तिला ‘मोकपोचे अश्रू’ किंवा ‘सकाळचं दव’ ऐकवा. बहुधा ते तिने ऐकलेलं नसेल. देवाणघेवाण दोन्हीकडून झाली तरच खातं चालू राहतं, हे मी बँकेत शिकलो.

गुण मात्र लगेच देऊ नका. १९९२च्या त्या परीक्षकांचं काय झालं ते आपण पाहिलंच.